पॅटर्न नवशिक्यांसाठीच होते

नवशिक्यांना डिझाइन पॅटर्न शिकवू नयेत, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आले. ऑफिसात नव्यानं रुजू झालेल्या मुलामुलींना, ओळखीतून सल्ला विचारायला येणाऱ्यांना, एखाद्या कॉलेजात बोलायला गेले तर तिथेही. आधी दोन-चार वर्षं साधा, सरळ कोड लिहा, तो वाढला की कुठे कुठे दुखतं ते अनुभवा, पॅटर्नचं पुस्तक मग उघडा. आता मी असं सांगत नाही. पण ते मत हवेतलं नव्हतं, आणि त्यामागची निरीक्षणं मला आजही खरी वाटतात, म्हणून आधी ती सांगते.

पॅटर्न म्हटलं की आपल्याकडे एकच पुस्तक पुढे येतं. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचं १९९४ साली आलेलं 'डिझाइन पॅटर्न्स'. त्यात २३ पॅटर्न आहेत. उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक या भाषांतली, आणि सुरुवातीला तपशिलानं उलगडलेलं मोठं उदाहरण आहे लेक्सी नावाच्या मजकूर-संपादकाचं. आज फॉर्म भरून घेणारं, डेटाबेसात नोंद करणारं आणि यादी दाखवणारं पान लिहायला बसलेल्या मुलाला त्यात ओळखीचं काय सापडणार? शिवाय पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्येच दाखवून दिलं होतं, की लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत या २३ पैकी १६ पॅटर्न एक तर दिसेनासे होतात किंवा खूपच सोपे होतात. जावास्क्रिप्टमध्ये एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती सहज देता येतं. तिथे त्याच कामासाठी इंटरफेस आणि तीन क्लास उभे करायचं कारणच उरत नाही.

यापेक्षाही मोठं कारण होतं मुलाखतींचं. 'सिंगलटन म्हणजे काय?' असं विचारलं की व्याख्या घडाघडा येते, आकृतीही काढून मिळते. 'तुम्ही तो कशासाठी वापरलात?' म्हटलं की शांतता. आणि जे हे पाठांतर करून कामाला लागतात त्यांचा कोड मी तपासला आहे. चार रकान्यांचं एक टेबल, पण त्याच्यासाठी कंट्रोलर, सर्व्हिस, सर्व्हिसचा इंटरफेस, रिपॉझिटरी, तिचा इंटरफेस आणि वर एक फॅक्टरी. मोबाइल नंबराचा रकाना वाढवायचा तर सहा-सात फायली उघडायच्या. हे लिहिणारी मुलं हुशार असतात, मेहनती असतात. त्यांनी रात्री जागून केलेलं ते काम पुसून टाकायला सांगताना मला फार वाईट वाटायचं. म्हणून मी पॅटर्नच दूर ठेवायला लागले.

मत बदलायला सुरुवात झाली ती माझ्या भाचीमुळे. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काही वर्षं अर्धवेळ काम करत होती. वेबचं शिकायला लागल्यावर पहिलं खरंखुरं काम तिनं हातात घेतलं ते वाचनालयातल्या देवघेवीचं. साधं पीएचपी, मायएसक्यूएल. सभासदांची फाइल, पुस्तकांची फाइल, पुस्तक देण्याची, परत घेण्याची. प्रत्येक फाइलीत वर डेटाबेसशी जोडणी, मध्ये एसक्यूएल, खाली एचटीएमएल. फॉर्ममधून आलेला मजकूर थेट एसक्यूएलमध्ये चिकटवलेला होता, तेवढा मी लगेच बदलायला लावला. ती सुरक्षिततेची बाब होती. बाकी रचनेबद्दल मी माझ्या धोरणाप्रमाणे काही बोलले नाही. कोड चालत होता, वाचता येत होता. ग्रंथपाल बाईंना पडदा समजत होता.

उशिराचा दंड तिनं तीन ठिकाणी मोजला होता: पुस्तक परत घेण्याच्या पानावर, सभासदाच्या खात्याच्या पानावर आणि महिनाअखेरच्या अहवालात. मग कार्यकारी मंडळानं ठरवलं, की वाचनालयाच्या सुटीचे दिवस दंडात धरायचे नाहीत. तिनं परतीच्या पानावर बदल केला. खात्याच्या पानावर जुनाच आकडा राहिला आणि एक निवृत्त शिक्षक दोन्ही आकडे घेऊन टेबलाशी उभे राहिले. तिनं मला फोन केला. मी सांगितलं, दंडाचा हिशेब एकाच फंक्शनमध्ये ठेव, तिन्ही पानांनी त्यालाच विचारू दे. तिनं तसं केलं.

मग दिवाळी आली आणि दिवाळी अंकांची योजना. ज्यांना वाचनालयं ठाऊक आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको: या योजनेची वर्गणी निराळी, अंक घरी ठेवायचे दिवस कमी, कारण मागे लोक वाट बघत असतात, आणि उशीर झाला तर दंडही वेगळा. बालविभागात दंडच नाही. संदर्भग्रंथ घरी न्यायचा नाहीच. ते एकच फंक्शन आता जर-तरच्या पायऱ्या उतरत खाली खाली जायला लागलं. पुन्हा फोन. मी सांगितलं, प्रत्येक विभागाचा नियम आपापल्या जागी लिही. परतीच्या पानाला फक्त एवढंच कळू दे, की या पुस्तकाला लागू असलेल्या नियमाकडून आकडा घ्यायचा आहे. तिनं तसं केलं. पुढे वर्गणीची वेळ आली. मासिक, वार्षिक, आजीव सभासद, विद्यार्थ्यांना सवलत. पुन्हा जर-तर, पुन्हा फोन, पुन्हा मी तेच, फक्त वर्गणीच्या भाषेत.

तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तू दरवेळी नव्यानं सांगतेस, पण आत एकच काहीतरी आहे. त्याला नाव नाही का? नाव असतं तर मी तुला विचारलं नसतं, माझं मीच शोधलं असतं."

नाव होतंच. स्ट्रॅटेजी. मी ते जाणूनबुजून तिच्यापासून लांब ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, आणि काही दिवसांनी तिनंच मला कळवलं, की पुस्तकं शोधण्याच्या पानावरही हेच लागू पडतंय, पण अहवाल छापण्याच्या जागी नाही, कारण तिथे प्रकार एकच आहे आणि दुसरा येणार नाही. कुठे लागू पडत नाही हे तिला माझ्याशिवाय कळलं, या गोष्टीनं मला विचारात टाकलं. दोन-चार वर्षांचा अनुभव गाठीशी आल्याखेरीज हे जमत नाही, असं मी सांगत आले होते. तो अनुभव तिच्याकडे नव्हता. मग तिच्याकडे होतं काय?

याचं उत्तर शोधताना मी क्रिस्तोफर अलेक्झांडर पुन्हा वाचायला घेतले. प्रोग्रॅमिंगमधली पॅटर्नची कल्पना आली ती त्यांच्याकडून, एका वास्तुरचनाकाराकडून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गुजरातमधल्या एका खेड्यात राहून गेले होते. १९६४ च्या त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकाच्या परिशिष्टात सहाशे वस्तीच्या भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडल्या आहेत आणि कोणती गरज कोणत्या गरजेत गुंतलेली आहे याचा हिशेब आहे. पुढे १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' लिहिलं. त्यात २५३ पॅटर्न आहेत, अख्ख्या प्रदेशाच्या रचनेपासून भिंतीवर लावायच्या वस्तूंपर्यंत.

त्यातला एक पॅटर्न बाल्कनीचा आहे. सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी कोणी फारशी वापरत नाही, कारण दोन-तीन माणसं छोटं टेबल घेऊन पाय पसरून बसतील एवढी जागाच तिथे होत नाही. म्हणून बाल्कनी निदान सहा फूट खोल करा. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणालाही हे न शिकता पटेल. पुस्तकातला प्रत्येक पॅटर्न असाच चालतो. आधी परिस्थिती, मग अडचण, मग एकमेकींना ओढणाऱ्या गरजा, मग 'म्हणून', आणि त्यानंतर ठळक अक्षरांत उपाय. नावापुढे तारका. दोन तारका म्हणजे लिहिणाऱ्यांना पूर्ण खात्री, एक म्हणजे बऱ्यापैकी, आणि एकही नसेल तर हा एक उपाय आहे, याहून चांगला असू शकेल. स्वतःच्या खात्रीची पातळी वाचकापुढे इतक्या मोकळेपणानं मांडणारं तांत्रिक पुस्तक माझ्या वाचनात दुसरं नाही.

अलेक्झांडर यांनी हे वास्तुरचनाकारांसाठी राखून ठेवलं नव्हतं. ज्याला घरात राहायचं त्यानं घराची रचना ठरवावी, गल्लीची रचना गल्लीतल्या लोकांनी, हा त्यांचा आग्रह होता. ज्याला बांधकाम येत नाही पण राहणं कळतं, त्याच्या हातात द्यायची ती भाषा होती.

सॉफ्टवेअरमध्ये ती आली तेव्हाही तशीच आली, हे मी पूर्वी वाचलेलं होतं; त्याचा अर्थ मात्र मला आत्ता लागला. वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी १९८७ मध्ये ऑर्लँडोला झालेल्या ऊप्स्ला परिषदेत एक छोटा निबंध सादर केला. टेकट्रॉनिक्समधल्या एका गटाचं काम पडद्यांच्या रचनेपाशी अडलं होतं. या दोघांनी पाच पॅटर्न लिहिले: प्रत्येक कामाला एक खिडकी, खिडकीत मोजकेच कप्पे, कप्पे ठरावीक प्रकारचे, वस्तूंची नावं याद्यांत आणि क्रिया मेनूंत, आणि मेनू आखूड. ही पाच सूत्रं त्यांनी वापरणाऱ्यांच्याच प्रतिनिधींच्या हाती दिली. एक प्रशिक्षण देणारा, एक ग्राहकांकडे जाऊन यंत्रं सांभाळणारा. त्यांनी पडद्यांची रचना केली आणि ती उत्तम झाली. म्हणजे आपल्या क्षेत्रातले सुरुवातीचे पॅटर्न दिले गेले ते प्रोग्रॅमर नसलेल्या माणसांना. (पुढे पॅटर्न साठवायला याच कनिंगहॅमनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. मराठी विकिपीडियाच्या नावातला 'विकी' तिथला.)

भाचीकडे काय होतं ते मग मला दिसलं. तिला वाचनालय येत होतं. दिवाळी अंकाचा नियम दर वर्षी बदलतो, आजीव सभासदाचा कधीच नाही, दंडाचा नियम मंडळ ठरवतं आणि पडद्याचा रंग ग्रंथपाल बाई, हे सगळं तिला माझ्याहून कितीतरी जास्त माहीत होतं. काय बदलतं, कोण बदलतं, किती वेळा बदलतं, कशाबरोबर काय बदलता कामा नये: पॅटर्नचा गाभा एवढाच आहे. हा गाभा समजायला कोडचा अनुभव लागतोच असं नाही. कामाचा लागतो. आणि चौघांच्या त्या पुस्तकाबद्दलही न्यायानं बोलायला हवं. त्यात प्रत्येक पॅटर्नमागची प्रेरणा, तो कुठे लागू पडतो, त्याचे परिणाम काय, हे सगळं दिलेलं आहे. शिकवताना आपण ते गाळून थेट आकृतीवर येतो. मुलाखतीतली ती मुलं आकृती शिकलेली होती, अडचण त्यांना कोणी दाखवलीच नव्हती.

माझ्या जुन्या सल्ल्यातला आणखी एक भाग मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या पुस्तकानं मोडला. व्यावसायिक अ‍ॅप्लिकेशनांच्या रचनेचे पॅटर्न त्यात आहेत, आणि वेबचं काम करणाऱ्याला चौघांच्या पुस्तकापेक्षा मी ते आधी देईन. भाचीनं अगदी सुरुवातीला लिहिलेल्या त्या फायलींनाही त्यात नावं आहेत. एका पानाच्या मागणीला एक फाइल, हा पेज कंट्रोलर. एका व्यवहाराचं सगळं काम वरून खाली एकाच प्रक्रियेत, ही ट्रँझॅक्शन स्क्रिप्ट. फाउलर त्यांना कमी लेखत नाहीत. कामाचे नियम सोपे असतील तर ट्रँझॅक्शन स्क्रिप्टच बरी. नियम वाढून एकमेकांत गुंतायला लागले की डोमेन मॉडेलकडे वळा, असं ते सांगतात. आधी साधा कोड आणि नंतर पॅटर्न, अशी माझी विभागणी होती. पण तो साधा कोड हाही एक पॅटर्न आहे, त्यालाही त्याच्या अटी आहेत, आणि त्या अटी संपल्याची खूण नवशिक्यालाही शिकवता येते. दंड तीन ठिकाणी मोजला जात होता, ती खूण होती.

पुढे ती लाराव्हेलकडे वळली. आता तर पॅटर्न दूर ठेवण्याची सोयच नव्हती. सगळ्या मागण्या एकाच दारातून आत येतात, हा फ्रंट कंट्रोलर. पुस्तक नावाचा ऑब्जेक्ट स्वतःच स्वतःला डेटाबेसात साठवतो, हा अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड. ब्लेडची पानं म्हणजे टेम्प्लेट व्ह्यू. फ्रेमवर्क वापरणारा नवशिका पहिल्याच आठवड्यात यांच्या मधोमध असतो, त्याला सांगा किंवा न सांगा. न सांगितलं तर त्याला वाटतं हे लाराव्हेलचे नियम आहेत, आणि उद्या जँगो समोर आला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

एमव्हीसीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण नवशिक्यांना ते 'तीन फोल्डर' म्हणून शिकवलं जातं आणि मला ते फार खटकतं. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्स्काउग १९७८-७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून गेले असताना त्यांनी ते मांडलं. वेब तेव्हा नव्हतंच. वापरणाऱ्या माणसाच्या मनात त्याच्या कामाचं एक चित्र असतं आणि संगणकात दुसरं. या दोहोंमधलं अंतर मिटवणं हा त्यांचा हेतू होता. मी भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं 'देवघेव' नावाचं टेबल उघडलं आणि म्हणाली, की ग्रंथपाल बाईंच्या मनात अशी वस्तूच नाही. त्यांच्या मनात आहे सभासदाचं कार्ड, आणि त्यावर चढलेलं पुस्तक. तिनं मॉडेलची नावं बदलली. माझ्या ऑफिसात एमव्हीसीवर झालेल्या कितीतरी चर्चांत हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

नाव माहीत असण्याचा दुसरा उपयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. नकार देता येतो. कोणीतरी तिला सांगितलं, की चांगल्या कोडमध्ये रिपॉझिटरी असलीच पाहिजे. तिनं ती कोणत्या अडचणीवर आहे ते वाचलं आणि लिहिली नाही: अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड आधीच ते काम करतोय, डेटाबेस बदलणार नाही, मध्ये आणखी एक थर घातला तर तो फक्त निरोप पोचवेल. राखून ठेवलेलं पुस्तक परत आलं की सभासदाला एसएमएस जायचा असतो. तिथे ऑब्झर्व्हरचा विचार करून तिनं तोही सध्या बाजूला ठेवला, कारण घडायची गोष्ट एकच आहे. जिथे दुसरी गोष्ट जोडायची वेळ येईल ती जागा तिनं कोडमध्ये टीप लिहून दाखवून ठेवली आहे.

सिंगलटनबद्दल माझं मत बदललेलं नाही. गामा यांनीही २००९ च्या एका मुलाखतीत तो यादीतून काढायची तयारी दाखवली होती. नवशिक्याला २३ नावं एकदम देऊ नयेत, हेही मी अजून म्हणते. आणि अडचण अंगावर येण्याआधी उपाय हातात दिला तर तो ओझं होतो, हा माझा जुना अनुभव खोटा ठरलेला नाही. पण अडचण येते त्याच दिवशी नाव द्यायला हवं. ती पहिल्या महिन्यात आली तर पहिल्या महिन्यात.

हे आता जास्तच निकडीचं झालं आहे. आजचा नवशिका कोड लिहून देणाऱ्या साधनाला विचारतो आणि क्षणात त्याला सर्व्हिस, रिपॉझिटरी, फॅक्टरी असं सगळं तयार मिळतं. पूर्वी ते थर लिहायला निदान कष्ट पडायचे. आता ते फुकट येतात, आणि यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं हे ठरवायला त्याच्याकडे शब्दच नसतात. पॅटर्नपासून त्याला दूर ठेवणं म्हणजे त्याला निवाड्यापासून दूर ठेवणं, असं मला वाटायला लागलं आहे.

ऑफिसात नव्यांना शिकवताना मी आता आकृती शेवटी दाखवते. आधी त्यांना माहीत असलेलं एखादं काम घेते, मेसचं खातं, गावच्या पतपेढीचं कर्ज, क्लासची फी, आणि त्यात काय काय बदलतं ते त्यांनाच बोलायला लावते. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे पटत नाही. नाव मिळालं की मुलं विचार थांबवतात, असं त्याचं म्हणणं. तशी मुलं मीही पाहिली आहेत. पण नाव नसल्यामुळे विचार पुढे जाऊच न शकलेली मुलंही असतात. ती त्याला दिसत नाहीत, कारण ती गप्प बसलेली असतात.

मध्यंतरी भाचीनं मला अलेक्झांडरच्या पद्धतीनं स्वतः लिहिलेला एक पॅटर्न पाठवला. परिस्थिती: संगणक नियमाप्रमाणे रक्कम ठरवतो. अडचण: आजारपणामुळे किंवा घरात कोणी गेल्यामुळे उशीर झाला तर ग्रंथपाल दंड माफ करतात, संगणकात त्याला जागा नसेल तर ते परतीची तारीखच खोटी टाकतात, आणि मग सगळ्या नोंदी खोट्या पडतात. म्हणून: नियमानं आलेली रक्कम आणि प्रत्यक्ष घेतलेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि कोणी, कशासाठी माफ केली ते सोबत लिहून घ्या. नावापुढे तिनं एकच तारका दिली होती, कारण तिनं एकच वाचनालय पाहिलं आहे. मी बिलं बनवणाऱ्या प्रणालींवर बरीच वर्षं काम केलं आहे आणि खोट्या टाकलेल्या तारखा तिथेही पाहिल्या आहेत. मी तिला दुसरी तारका द्यायला सांगितलं, आणि आमच्या चालू कामात ते दोन रकाने घालून घेतले.